वरखाली भाऊजी शाळा बघायला आले

तिसऱ्या फेरीत, दवाखान्याच्या कोपऱ्यावर, भाऊजींच्या पाठीवरच्या दप्तराचा डावा पट्टा तुटला. दप्तर उजव्या खांद्यावरून लोंबकळून त्यांच्या गुडघ्यामागे आपटलं आणि आतली बटणांची बरणी अशी खळखळली की समोरून येणारी सायकलवाली बाई ब्रेक विसरून दोन्ही पाय टेकून थांबली.

"थांबा वहिनी," भाऊजी म्हणाले. लागलं का, दुखलं का, काही नाही. फूटपाथवर उकिडवे बसले, खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि लिहिलं: 'पूर्ण भार. सहाशे दहाव्या पावलाला डावा पट्टा गेला.'

"अहो, तो पट्टा माझ्या माळ्यावरच्या दप्तराचा आहे," मी म्हटलं. "आमच्या थोरल्याने पाच वर्षं वापरलंय ते. मुंगीचं दप्तर काय असं कुजकं असणार आहे का?"

"दप्तर कुणाचंही असू दे. वजन तिचंच आहे."

वजन तिचंच होतं, हे मात्र खरं. मुंगी म्हणजे भाऊजींची लेक, माझी पुतणी. लहानपणापासून भिंतीच्या कडेकडेने चालते म्हणून घरात सगळे मुंगीच म्हणतात. सकाळी सातला तिला फोन करून त्यांनी तिचं दप्तर वजनकाट्यावर ठेवायला लावलं. साडेसहा किलो भरलं. मग इकडे माझी इस्त्री, आमच्या ह्यांच्या शब्दकोशाचे दोन खंड, आणि तरी कमी पडलं म्हणून बटणांची बरणी, असं करून त्यांनी साडेसहा किलो जमवलं. इस्त्री अशी शाळेला गेल्यामुळे माझ्याकडचे चार गणवेश चुरगळलेले पडून होते. पण ते कोण विचारतो!

भाऊजी माझे धाकटे दीर. लिफ्टची देखभाल आणि दुरुस्ती हे त्यांचं काम, म्हणून नात्यात त्यांना 'वरखाली' म्हणतात. तोंडावरसुद्धा. त्यांना राग येत नाही. त्यांच्या धंद्यात नवी लिफ्ट ताब्यात घेताना ती तीनदा चालवून बघतात, रिकामी, अर्धी भरून आणि पूर्ण भरून. त्याशिवाय कागदावर सही करायची नाही. इथवर कुणाचं काही म्हणणं नाही. पण भाऊजी हा नियम लिफ्टच्या बाहेरही पाळतात. माझ्या लग्नात स्टेजवर आधी ते एकटे चढले, मग तीन मामांना घेऊन चढले, मग आपल्याकडची अख्खी मंडळी वर चढवून सगळ्यांना एकदम उडी मारायला लावली. स्टेज टिकलं. फोटोत आम्ही नवरानवरी मात्र खाली उभे आहोत, कारण आमची पाळी आली तेव्हा वर जागाच नव्हती आणि कुणी उतरायला तयार नव्हतं.

कंपनीने आता त्यांची बदली आमच्या शहरात केली होती. इथल्या बेचाळीस लिफ्ट त्यांच्याकडे येणार होत्या. पहिल्या तारखेला हजर व्हायचं, त्याआधी घर बघायचं आणि मुंगीसाठी शाळा. ती यंदा आठवीत जाणार, आणि शाळांचे अर्ज शुक्रवारी दुपारी बंद होणार. माझी जाऊ डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स आहे, तिला सुट्टी मिळाली नाही. तिने फोनवर एवढंच सांगितलं, "कपडे वाळतील इतकं ऊन येणारं घर बघा. शाळेचं तुमच्या पद्धतीने बघा." हे शेवटचं वाक्य ती बोलली नसती तर माझी इस्त्री घरी राहिली असती.

आता त्यांच्याबरोबर मी का फिरत होते, तेही सांगते. एक तर मी गणवेश शिवते. आमच्या दोन खोल्यांतली एक माझ्या मशीनची. भागातल्या तिन्ही शाळांचे गणवेश माझ्याकडे येतात, आणि शाळा मला कपड्यावरून कळते. चौकड्याच्या शाळेची मुलं खिशात फाटतात, निळ्या शाळेची गुडघ्यात, आणि राखाडी शाळेची कुठेच फाटत नाहीत, नुसती आखूड होतात. म्हणून रविवारी भाऊजी बॅग घेऊन दारात उभे राहिले तेव्हाच मी सांगून टाकलं, "राखाडी घ्या. गुणी मुलं आहेत."

"फाटत नाहीत म्हणजे खेळत नाहीत," भाऊजी बूट काढता काढता म्हणाले. "भार टाकून बघू."

दुसरं कारण सोमवारी घडलं. त्या दिवशी ते एकटेच गेले होते. बारा वाजता मला शेजारणीने निरोप दिला, "अगं, तुझ्या दिराला निळ्या शाळेच्या गेटवर धरून ठेवलंय." मी हातातली सुई ब्लाउजलाच टोचली आणि देवाचं नाव घेत तशीच पळाले. गेटवर बघते तर एका बाजूला वॉचमन, एका बाजूला गळ्यात शिट्टी अडकवलेले खेळाचे सर, आणि मध्ये भाऊजी, पाठीवर आमच्या थोरल्याचं दप्तर, हातात कागद-पेन्सिल.

"हा माणूस अर्धा तास जाळीतून आत बघून काहीतरी लिहितोय," वॉचमन म्हणाला. "विचारलं तर म्हणतो, मुलं मोजतोय."

"मोजतच होतो," भाऊजी म्हणाले. "मध्ये बोललात, आता परत पहिल्यापासून."

"अहो, हे माझे दीर," मी दम खात म्हटलं. "लिफ्टचं काम करतात."

"बाई, आमच्या शाळेला लिफ्टच नाही!" सर म्हणाले.

"तेही लिहिलंय," भाऊजींनी कागद दाखवला.

सर मला ओळखत होते, त्यांच्या ट्रॅकपँटची चेन मीच बदलली होती, म्हणून सुटलो. गल्लीच्या टोकाला आल्यावर मी विचारलं, "भाऊजी, खरं सांगा, मोजत काय होतात?"

त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, "एकटी डबा खाणारी मुलं."

आणि त्यांनी मला सांगितलं. मुंगी चौथीत असताना त्यांची अशीच बदली झाली होती. तेव्हा त्यांनी शाळा निवडली ती इमारत बघून. भक्कम होती. मुंगी त्या शाळेत पहिले तीन महिने रोज जिन्याच्या पायरीवर एकटी बसून डबा खात होती, आणि हे घरात कुणाला माहीत नव्हतं. पालकसभेच्या दिवशी तिथल्या झाडूवाल्या मावशी भाऊजींना म्हणाल्या, "तुमची लेक फार गुणाची हो. बसायच्या आधी पायरी स्वतः झाडून घेते."

"तेव्हापासून ठरवलंय," भाऊजी म्हणाले. "यंदा इमारत बघायची नाही. मधली सुट्टी बघायची. जिथे एकही मूल एकटं बसत नाही, ती शाळा घ्यायची, आणि त्या शाळेजवळ घर."

 तिथून पुढे आम्ही दोघं फिरायला लागलो. बरोबर वहिनी असली की माणूस मुलं मोजत असला तरी लोकांना तो नातेवाइकाची वाट बघतोय असं वाटतं.

तिन्ही शाळांची मधली सुट्टी वेगळ्या वेळी असते, हे देवाने केवळ भाऊजींसाठी ठेवलं असावं. निळी पावणेबाराला, चौकड्याची सव्वाबाराला, राखाडी एक वाजता. आम्ही एकीचं मोजून झालं की दुसरीकडे धावायचो. सोमवार, मंगळवार, बुधवार, तीन दिवस. चौकड्याच्या शाळेत अकरा, नऊ आणि परत अकरा एकटी मुलं भरली. निळ्या शाळेत चार, चार, चार. त्यातला एक मुलगा एकटा होता की नुसता सावकाश खात होता यावरून आमचं भांडणही झालं. आणि राखाडी शाळेत तिन्ही दिवस शून्य. अख्ख्या मैदानात मुलं घोळक्याघोळक्याने बसलेली, एकही एकटं नाही.

"बघा!" मी म्हटलं. "मी रविवारीच म्हटलं होतं."

"कबूल," भाऊजी म्हणाले. त्यांनी 'कबूल' म्हणणं म्हणजे कंपनीचा शिक्का बसण्यासारखं आहे. लगेच त्यांनी एजंटला फोन करून राखाडी शाळेजवळचं घर बघायचं ठरवलं, आणि बुधवारीच त्या घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्याला भार टाकायला घेतला. पहिली फेरी रिकामं दप्तर, दुसरी फेरी दोन शब्दकोश, तिसरी फेरी इस्त्री आणि बरणीसकट. त्या तिसऱ्या फेरीत तो पट्टा तुटला.

मी माझ्या ब्लाउजची पिन काढून पट्टा कसाबसा अडकवून दिला आणि आम्ही त्या इमारतीपाशी पोचलो.

एजंट खाली वाटच बघत होता. त्याला आम्ही 'हवेशीर' म्हणत होतो, कारण त्याने दाखवलेलं प्रत्येक घर हवेशीर असायचं. एका घराला खिडकी नव्हती, तेही हवेशीर. बिचारा जाडजूड माणूस. त्याचं दुर्दैव असं की भाऊजी दुसऱ्याने सांभाळलेल्या लिफ्टमध्ये पाय ठेवत नाहीत, आणि या शहरातल्या सगळ्या लिफ्ट अजून दुसऱ्याकडेच होत्या. तीन दिवसांत तिन्ही शाळांजवळच्या चौदा इमारतींचे जिने आम्ही चढलो होतो, आणि भाऊजी दर मजल्यावर लिफ्टच्या दाराला कान लावून "हं" करायचे. ते एवढं "हं" ऐकून दोन ठिकाणी तिथल्या रहिवाशांनीही जिना धरला होता.

"पाचवा मजला," हवेशीर कपाळ पुसत म्हणाला. "साहेब, आज तरी लिफ्टने..."

"लिफ्ट कुठेय?" भाऊजींनी वर बघितलं.

लिफ्ट जाळीच्या दाराची, जुन्या पद्धतीची होती, आणि ती खाली नव्हती. बटण दाबलं तर नुसतं टकटक वाजलं. आम्ही चढत तिसऱ्या मजल्यावर आलो तेव्हा कळलं. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये अडकली होती. जाळीतून वर बघितलं तर आमच्या डोक्याच्या उंचीवर दोन पाय दिसत होते, काळ्या चपला घातलेले, एकावर एक ठेवलेले, अगदी निवांत.

"कोण आहे?" वरून बाईमाणसाचा करडा आवाज आला. "लिफ्टवाला का?"

"हो बाई, घाबरू नका," भाऊजी म्हणाले.

"घाबरतंय कोण? पाऊण तास झाला! नववी 'अ'चे सगळे पेपर तपासून झाले, 'ब' काढलेत. एवढा वेळ कुठे होतास?"

"मी तो लिफ्टवाला नाही, बाई. मी घर बघायला आलोय."

पाय जरा हलले. "मग घर बघा आणि जा की! मला कशाला आशा लावता?"

"म्हणजे मी लिफ्टवालाच आहे, पण इथला अजून नाही. पहिल्या तारखेपासून."

"आज एकवीस आहे," पाय म्हणाले.

भाऊजी तोवर कामाला लागले होते. गच्चीवरच्या खोलीतलं चाक हाताने फिरवून लिफ्ट खाली आणता येते, पण खोलीची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरीकडे होती. त्यांनी हवेशीरला पिटाळलं. त्याने फोन केला. सेक्रेटरी केस कापून घेत होते, अर्धे झाले होते, उरलेले झाले की येतो म्हणाले. म्हणजे थांबणं आलं. मी पायऱ्यांवर बसले, भाऊजी जाळीपाशी उभे राहून भार टाकल्याशिवाय आपण सही करत नाही हे मला परत सांगायला लागले, आणि वर पेपरांची पानं उलटल्याचा आवाज येत राहिला.

"बाई कुठल्या शाळेत?" भाऊजींनी गप्पा काढल्या.

"दवाखान्यापलीकडच्या. गणित शिकवते."

दवाखान्यापलीकडची म्हणजे राखाडी! भाऊजींचा चेहरा असा फुलला, की वाटलं ते त्या पायांनाच नमस्कार करतात.

"बाई, तुमची शाळा म्हणजे शाळा आहे! मी तीन दिवस मोजलंय. एक मूल एकटं डबा खात नाही. माझ्या लेकीला तुमच्याकडेच घालणार."

वरची पानं उलटायची थांबली.

"कुठून मोजलंत?"

"गेटमधून. एक ते दीड. जागा न सोडता."

"गेटमधून मैदान दिसतं," बाई म्हणाल्या. "आणि मला सांगा, एकटं बसायचं असेल तर मूल मैदानाच्या मध्ये कशाला बसेल? सगळ्यांनी बघावं म्हणून? मागे बंद जिना आहे, गच्चीकडे जाणारा. तिथे बसतात ती."

 हातातला कागद भाऊजींनी उगाच उलटा करून बघितला. मागची बाजू कोरी होती.

"किती?" त्यांनी विचारलं.

"मोजली नाहीत. मीही कधीतरी तिथे बसते, पण ते मुख्याध्यापकांना सांगू नका."

आणि मला एकदम तो हिरवा रंग आठवला. जूनपासून राखाडी शाळेचे शर्ट माझ्याकडे येत होते, बरोबर पाठीवर हिरवे डाग पडलेले. आया वैतागायच्या, काही केल्या जात नाही म्हणायच्या, आणि मी पाठीचा तुकडा बदलून द्यायचे. बाकाचा रंग असेल असं मी धरून चालले होते.

"बाई," मी वर बघून विचारलं, "त्या जिन्याच्या भिंतीला हिरवा रंग दिलाय का हो?"

"दिलाय. पाण्याची भेसळ करून. अजून हाताला लागतो."

"मग नऊ," मी म्हटलं. "नऊ पाठी मी बदलल्यात."

भाऊजींनी माझ्याकडे असं बघितलं की मला त्या रविवारच्या "गुणी मुलं आहेत"चीच लाज वाटली. नऊ पोरांच्या पाठी माझ्या हाताखालून गेल्या, आणि मला दिसला तो फक्त डाग.

सेक्रेटरी आले. एका कानावरचे केस कापायचे राहून गेले होते. भाऊजींनी वर जाऊन चाक फिरवलं. लिफ्ट इंचइंच खाली आली, आणि आधी पाय, मग पिशवी, मग मांडीवरचा पेपरांचा गठ्ठा, मग चष्मा, अशा क्रमाने गणिताच्या बाई आमच्यासमोर प्रकट झाल्या. मी मनात देवाचे आभार मानले. बाईंनी घड्याळ बघितलं, पेपर पिशवीत भरले आणि वरून धापा टाकत आलेल्या भाऊजींना म्हणाल्या, "उद्या एक वाजता या. शिपायाला माझं नाव सांगा. जिना बघून घ्या, आणि मग ठरवा."

"बघून काय करायचंय, बाई. नऊ म्हणजे..."

"तुम्ही भार टाकल्याशिवाय सही करत नाही म्हणालात ना, मघाशी या बाईंना सांगत होतात? मग या."

पाचव्या मजल्यावरचं घर आम्ही बघितलं. ऊन चांगलं येत होतं. हवेशीरने तोंड उघडलं, पण भाऊजींचा चेहरा बघून नुसतं खिडकीकडे बोट दाखवलं. त्या रात्री भाऊजी जेवताना चौकड्याच्या आणि निळ्या शाळेचे आकडे परत परत बघत होते. आमचे हे म्हणाले, "अरे, चार तर चार. घे निळी आणि मोकळा हो." भाऊजी म्हणाले, "निळ्या शाळेच्या मागे जिना आहे की नाही, ते कुणी बघितलंय?" 

गुरुवारी एक वाजता आम्ही गेलो. मी हातात दोन शिवलेले शर्ट घेतले होते, कुणी विचारलं तर दाखवायला. भाऊजी दप्तराशिवाय होते, माझी इस्त्री अखेर घरी होती.

जिना शाळेच्या पाठीमागे, पाण्याच्या टाकीला लागून. अरुंद, वर कुलूप लावलेलं दार, एका बाजूने तो हिरवा रंग. आणि पायऱ्यांवर मुलं. मी मोजली, आठ. नववं दिसेना. लहान-मोठी, मुलं-मुली मिसळून, पण प्रत्येक जण एका पायरीवर, आणि दोघांच्या मध्ये एक पायरी रिकामी. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. डबे मांडीवर होते.

भाऊजी अशा ठिकाणी उभे राहून बघणारे नव्हेत. ते सरळ चढले आणि पहिल्या रिकाम्या पायरीवर बसले.

"काका," वरच्या पायरीवरची जाड चष्म्याची मुलगी म्हणाली, "ती रिकामी ठेवायची असते."

"का?"

"पाय ठेवायला."

भाऊजी उठले. वर ओळीने तीन पायऱ्या रिकाम्या होत्या, त्यातल्या मधल्या पायरीवर टेकले.

"ती नववीतल्या दादाची आहे," दुसरा एक जण जेवता जेवता म्हणाला. "तो हात धुवायला गेलाय."

"मग मी बसू कुठे?"

"नवीन माणूस सगळ्यात वर," चष्म्याची म्हणाली, जणू हे सगळ्या जगाला माहीत असतं. "आम्ही सगळे आधी वरच होतो."

पंचावन्न किलोचे माझे दीर पाय वाचवत, डबे चुकवत वर गेले आणि कुलपाच्या दाराला टेकून बसले. पाठ हिरवी झाली असणार, मी तेव्हाच समजले. मी खाली भिंतीपाशी उभी राहिले.

मग एक गंमत झाली. सगळ्यात खाली बसलेल्या मुलाने आपल्या डब्याच्या झाकणात काहीतरी ठेवलं आणि मागे न बघता झाकण वर केलं. वरच्याने ते घेतलं, त्यातलं उचललं, आपल्या डब्यातलं त्यात टाकलं, वर दिलं. असं ते झाकण पायरी पायरीने चढत गेलं. एक शब्द नाही. शेवटी ते भाऊजींच्या हातात आलं. त्यांनी बघितलं, एक घास उचलला, आणि मग त्यांना कळलं की आपल्यालाही काहीतरी टाकायला हवं. त्यांनी खिसे चाचपले. पेचकस निघाला, तो परत ठेवला. कंपनीचं कार्ड निघालं. मग खोकल्याच्या गोळ्यांची पट्टी निघाली, तीच त्यांनी झाकणात ठेवली.

झाकण खाली यायला लागलं. प्रत्येकाने एक-एक गोळी फोडून घेतली. नववीतला दादा हात पुसत आला, त्याच्यासाठी एक ठेवलेली होती. नऊ पोरं गंभीर चेहऱ्याने खोकल्याची गोळी चघळत बसली, आणि वर एक लिफ्टवाला.

"इथे बोलायचं नसतं का?" भाऊजींनी वरून विचारलं.

"बोललं तरी चालतं," चष्म्याची म्हणाली. जरा विचार करून म्हणाली, "कशाबद्दल?"

 घंटा झाली. मुलं उठली, चष्म्याच्या मुलीने पायऱ्यांवर सांडलेलं हाताने गोळा केलं, आणि सगळी आपापल्या दिशेला गेली. एकमेकांना 'जाते', 'येतो' असं काहीही न म्हणता.

आम्ही बाहेर पडलो. पाठीवर मोठा हिरवा चौकोन घेऊन भाऊजी माझ्या पुढे चालत होते. शाळेची भिंत संपली तसे मागे वळले.

"वहिनी, माझं मोजायचं चुकलं," म्हणाले. "मी धरून चाललो की जो एकटा बसलाय तो एकटा आहे. ही पोरं एकेकटी बसलीत, पण त्यातला एक हात धुवायला गेला तर त्याची पायरी राखून ठेवतात. याला कुठल्या रकान्यात लिहायचं?"

"मग हीच शाळा घ्या," मी म्हटलं. "घरही मिळालंय. उद्या दुपारी अर्ज बंद होतील."

"मला आवडला तो जिना," भाऊजी म्हणाले. चालता चालता थांबले. "मला आवडला, वहिनी. पण तिथे मी नाही बसणार. तिला तो आवडेल, की परत जिनाच नशिबी आला असं वाटेल? निळ्या शाळेत चारच आहेत, तिथे कदाचित मैदानात बसेल. ते तिलाच विचारायला हवं."

"मग विचारा की! फोन आहे खिशात."

"तिला विचारून कळत नाही." त्यांनी खिशातला हात बाहेर काढलाच नाही. "चौथीत तीन महिने मी रोज संध्याकाळी विचारत होतो, मैत्रिणी झाल्या का? हो बाबा, म्हणायची. चार नावं सांगितली होती. कोण कुठे राहते, कोणाला कुत्रा आहे, सगळं. एकीच्या वाढदिवसाला मी कंपासपेटी आणून दिली. त्या चौघींतली एकही त्या शाळेत नव्हती. मला बरं वाटावं म्हणून नऊ वर्षांच्या पोरीने चार मुली बनवल्या, आणि एकीला वाढदिवससुद्धा दिला."

 मी त्यांच्या पाठीवरचा रंग पदराने पुसायला गेले, तर तो माझ्या पदराला लागला.

"म्हणून म्हणतो," भाऊजी म्हणाले, "आज तिला फोन तुम्ही करा. तो जिना सांगा, निळ्या शाळेतली ती चार मुलंही सांगा, आणि दोन्ही एकाच आवाजात सांगा. मला कुठली आवडली ते तिला कळता कामा नये. आणि मी घरात नाही म्हणून सांगा. तुम्ही खोटं बोलत नाही हे ठाऊक आहे मला, म्हणून तुमचं बोलणं होईपर्यंत मी खरंच खाली रस्त्यावर जाऊन उभा राहतो. कराल ना, वहिनी?"